मासळीबाजारातला लाल आकडा

मी फर्मवेअर लिहायचे. हे वाक्य नव्वदच्या दशकात कल्याणमध्ये कुणाला सांगायची सोय नव्हती. "म्हणजे कॉम्प्युटर?" "कॉम्प्युटर नाही हो, मशीनच्या आत एक चिप असते, तिने काय करायचं ते लिहून द्यायचं." "हां हां, टीव्ही रिपेअरिंग!" शेवटी आईने शेजारणींना परस्पर सांगून टाकलेलं की पोरगी डोंबिवलीला रेडिओच्या कंपनीत आहे. मी वाद घालणं सोडलं. माझं डोकं तापट, पण ते कुठे तापवायचं हे मला तेव्हाही कळत होतं.

कंपनी म्हणजे मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याचा पोटमाळा. खाली दिवसभर नटबोल्ट कापायचे, वर आम्ही तिघं. मालक म्हणजे सर, वायरिंग आणि सोल्डरिंग करणाऱ्या ताई, आणि मी. आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो. सर डोंबिवलीचे, शिस्तीचे, पक्के शाकाहारी. लॅबच्या दारात चपला काढायला लावायचे. ते चिपांना स्टॅटिकचा झटका बसू नये म्हणून होतं की सोवळं म्हणून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमचं घर बौद्ध, आणि जेवायला चवीचं. डब्यात सुकट असली की मी जिन्यात बसून जेवायचे. सर कधी काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी दुपारी उदबत्ती दोन काड्यांची व्हायची.

आणि अशा या लॅबमध्ये एक दिवस कळव्याच्या मासळीबाजारातल्या मावशी आल्या.

मावशी म्हणजे साठीच्या आसपासची कोळीण, नऊवारी कासोटा, हातात हिरवा चुडा, आवाज खाडीच्या पलीकडे पोचेल असा. येताना रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून त्या केळीच्या पानात गुंडाळून ताज्या बोय मासोळ्या घेऊन आलेल्या. त्या त्यांनी थेट सरांच्या टेबलावर, ऑसिलोस्कोपच्या शेजारी ठेवल्या. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ताईंनी पदर नाकाला लावला. मी ते पान उचललं आणि जिन्यात नेऊन ठेवलं, आणि संध्याकाळी घरी नेलं, हे सांगायला नकोच.

"आमच्या बाजारात काटा हाय," मावशी म्हणाल्या. "पण त्याचा आकडा फकस्त काटेवाल्याला दिसतो. तो टेबलामागं बसून वराडतो, बावीस, पंचवीस, आन् आम्ही बायका तेवढ्याचे पैसे मोजून माल डोक्यावर घेतो. कवा कवा माझी मान सांगते, हे बावीस नाय. पण मानेचं कोण ऐकतो? मला आकडा दिसला पायजे. माज्या एकटीला नाय, सगळ्या बायांना. हा एवढा मोठा!" त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले.

सरांना कल्पना एकदम आवडली. मासळीचा विषय त्यांनी मनातून बाजूला काढला आणि कागदावर चित्र काढायला लागले. काट्याच्या पेटीत एक चिप. शेडच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर मोठा बोर्ड, त्यावर वीतभर उंचीचे लाल आकडे, त्याच्या मागे दुसरी चिप. दोघींच्या मध्ये एक लांब केबल. काट्याची चिप वजन सांगणार, बोर्डाची चिप ऐकणार आणि दाखवणार. याला सिरियल कम्युनिकेशन म्हणतात. एका तारेवरून एकामागे एक खुणा जातात, आणि बोलणारीचा नि ऐकणारीचा वेग एकच असावा लागतो. एवढंच. वाचायला सोपं आहे. माझं तारुण्य त्यात गेलं.

बाजाराच्या मंडळात सगळे पुरुष. त्यांना बोर्ड नको होता, पण मावशींपुढे सरळ नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी ठरवलं, पावसाळ्यात बाजार मंद असतो, तेव्हा लावून बघू. नारळी पुनव झाली, होड्या गेल्या आणि हंगामाचा पहिला माल आला की त्या दिवशी निकाल. चालला तर ठेवू, नाहीतर काढून न्या. मावशी मंडळात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "नाय चालला तर बायांच्या वतीनं मी पुन्हा या मंडळात काय मागणार नाय. जल्मात नाय." हे मला त्यांनीच सांगितलं, बोर्ड लावायच्या दिवशी, आणि वर म्हणाल्या, "तुज्या भरवशावर बोलले गो बाय." मी नोकरीला लागून वर्षही झालेलं नव्हतं.

बोर्ड लागला त्या दुपारी मावशींनी काट्याची पूजा केली. हळद, कुंकू, फुलं, उदबत्ती. नारळ पेटीच्या कडेवरच फोडला, पाणी मशीनवर शिंपडलं, आणि पेटीच्या मागे जिथून केबल आत जाते, तिथे मायेने हळदकुंकवाचं बोट टेकवलं. "हे तोंड हाय ना त्याचं? इथूनच बोलतो ना?" "हो," मी म्हटलं. मला तर कौतुक वाटलं, की बाईला सिरियल पोर्ट कळला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून मी वजन ठेवलं. समोरच्या भिंतीवर लालभडक आकडा उमटला आणि बायका चक्क टाळ्या वाजवायला लागल्या. टेबलामागचा काटेवाला मात्र टाळ्या वाजवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पाय ठेवते न ठेवते तोच फोन.

"अगो, तुजा बोर्ड पिसाळला! करंदीची येवढीशी टोपली ठेवली, तर आठशे आठ किलो! मगाशी तर नुसता उलटा चार दाखवला. समदे पुरुष हसतायत!"

मी धावत कळव्याला गेले. पोचेपर्यंत दुपार व्हायला आलेली, बाजार उठलेला, बर्फाचं पाणी नाल्यात गेलेलं. मी वजन ठेवलं. बोर्डाने बरोब्बर आकडा दाखवला. काढलं, ठेवलं, पायाने हलवलं, केबल ओढली. आकडा जागचा हलेना. काटेवाला दात कोरत म्हणाला, "मॅडम आल्या की शहाण्यासारखा वागतो. रोज येऊन बसा." मला इतका राग आला की वाटलं, त्यालाच उचलून काट्यावर ठेवावं आणि त्याचंच वजन करावं.

असं आठवड्यातून दोन-दोनदा व्हायला लागलं. सकाळी फोन, दुपारी मी, आणि मी गेले की मशीन गरीब गाय. एकदा मी हट्टाने पहाटेच कळव्याला जाऊन बसले, तर त्या दिवशी पावसाने असा धिंगाणा घातला की बाजारच भरला नाही. मी, एक मांजर आणि तो बंद काटा, तिघं शेडमध्ये बसून राहिलो.

चूक आपल्याच प्रोग्राममध्ये असणार, असं धरून चालणं ही आमच्या धंद्यातली रीत. मी वेग कमी करून बघितला. म्हटलं, बाई, हळू बोल, म्हणजे समोरचीला कळेल. आता कचरा हळूहळू यायला लागला. त्या काळी प्रोग्राम बदलायचा म्हणजे चिप काढायची, तिच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून निळसर दिव्याचं ऊन द्यायचं, जुनं पुसलं की नवीन भरायचं. एवढं करून मी प्रत्येक निरोपाच्या शेवटी आकड्यांची बेरीज, म्हणजे चेकसम, पाठवायला सुरुवात केली. बोर्डाने स्वतः बेरीज करायची आणि जुळली नाही तर आकडा दाखवायचाच नाही, नुसत्या आडव्या रेघा दाखवायच्या. मला वाटलं मी फार हुशारी केली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "आधी येडा होता, आता मुका झाला." मी ती बेरीज काढून टाकली; म्हटलं, निदान येडेपणा तरी दिसू दे.

एकदा काटेवाल्याने मावशींना सगळ्यांदेखत सुचवलं की बोर्डाला भगताकडे न्या. मावशी त्याला जे बोलल्या ते मी इथे लिहू शकत नाही. पण नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच कुणाची नजर लागली असल काय गो?" मी म्हटलं, "नजर नाही मावशी. बिट्स चुकतायत." त्यांनी मान डोलावली. दोन्हीतला फरक त्यांना पटला असं काही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तो नीट दाखवता आला नसता.

मग आम्ही पेटी उचलून लॅबमध्ये आणायचो. आणि इथे आमची डोंबिवली मध्ये यायची. सरांचा हुकूम होता, मासळीबाजारातून आलेली वस्तू आधी पुसल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. ताई जिन्यातच बसून पेटी स्पिरिटने घासायच्या. वरून, खालून, मागून, फटीफटीत ब्रश घालून. त्यांची सफाई म्हणजे सफाई. मग दोन उदबत्त्या. मग मशीन टेबलावर. मग मी ते दिवसभर चालवायचे आणि एक चूक सापडायची नाही. एक नाही! सर चष्मा वर करून म्हणायचे, "असं आहे, त्यांच्या शेडची वीजच खराब असणार. आपलं मशीन उत्तम आहे." मग आम्ही ते उत्तम मशीन परत न्यायचो. मशीन घरी आलं म्हणून मावशी पुन्हा पूजा करायच्या, पुन्हा नारळ, पुन्हा त्या तोंडाला हळदकुंकू. मी पुन्हा खोबरं खायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन.

आता तुम्हाला कळलं असेल. वाचणाऱ्याला लगेच कळतं. मला नाही कळलं! मी चिपांचा वेग ठरवणारे क्रिस्टल बदलले, केबल बदलली, सरांच्या सांगण्यावरून वीज गाळणारा एक डबा लावला, आईने सांगितलं म्हणून एकदा शांत बसून विचारसुद्धा केला. बाजारात चुकतं, लॅबमध्ये चालतं. सकाळी चुकतं, दुपारी चालतं. पुनव जवळ येत चाललेली. मावशींचा फोनवरचा आवाज दर खेपेला थोडा खाली येत होता. आधी त्या ओरडायच्या, मग तक्रार करायच्या, आणि शेवटच्या वेळी नुसतं म्हणाल्या, "बाय, ते समदे आता मला बोर्डवाली म्हणून हाक मारतात." ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी फोन ठेवला आणि सोल्डरिंगची तार इतक्या जोरात आपटली की रीळ जिन्यावरून खाली नटबोल्टांत जाऊन पडलं.

त्या दिवशी मी स्वतः जाऊन पेटी उचलून आणली. धो धो पाऊस. आणि देवाची म्हणा, कुणाची म्हणा कृपा, त्या दिवशी ताईंच्या घरी पाहुणे होते, म्हणून ताई आलेल्या नव्हत्या. सर बँकेत गेलेले. स्पिरिट लावणारं कुणी नव्हतं, आणि मला धीर नव्हता. मी ओली, मासळीचा घमघमाट सुटलेली पेटी तशीच लॅबमध्ये नेली, टेबलावर ठेवली, सुटा बोर्ड जोडला आणि बटण दाबलं.

आठशे आठ. मग उलटा चार. मग पुन्हा आठशे आठ.

चूक दिसली म्हणून आनंदाने ओरडणारी जमात जगात एकच, ती म्हणजे आम्ही. मी खरंच ओरडले. खालून नटबोल्टवाल्याने विचारलं, शॉक लागला का? मी म्हटलं, नाही, बिघडलंय, बिघडलंय! तो म्हणाला, बरं.

मी केबलचा कनेक्टर काढला. नऊ पिनांचा, बोटाएवढा. आत बघितलं तर पिना दिसतच नव्हत्या. पिवळा-लाल चिखल, चिकट, आणि त्याला ओल्या नारळाचा वास. मध्ये खोबऱ्याचा एक कीस आणि एक चमकदार खवला. नारळाचं पाणी म्हणजे मीठ आणि साखर. ते दोन पिनांच्या मध्ये जाऊन बसलं की तिथून वीज झिरपणार, एका पिनेचं बोलणं दुसरीत मिसळणार. रात्रभर खाडीची दमट हवा ते शोषून घेणार, सकाळी बर्फाच्या गारठ्यात ते ओलं असणार आणि बोर्ड बरळणार. मशीन दोनचार तास चालू राहिलं की आतला ट्रान्सफॉर्मर तापून त्याच्या उबेने सगळं सुकणार. आणि तेवढ्यात मी डोंबिवलीहून पोचणार. उरलंसुरलं ताई स्पिरिटने धुऊन टाकणार. तिकडे मावशींचा देव ते आत घालत होता आणि इकडे सरांचं सोवळं ते बाहेर काढत होतं. मध्ये मी पावसाळाभर चेकसम लिहीत होते!

सर परत आले ते दारातच थबकले. रुमाल नाकाला. "हे पुसलेलं नाही?"

"हात लावू नका सर! हाच पुरावा आहे!"

ते बिचारे उंबऱ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर असे उभे राहिले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नारळ नसेल गं. देवाचा नारळ आहे तो. मासळीचं पाणी असेल." मग आम्ही प्रयोग केला. कोपऱ्यावरून नारळ आणला, सरांनी नमस्कार करून फोडला, मी पाणी एका नव्या कनेक्टरमध्ये थेंबभर सोडलं आणि चिमूटभर हळद. आठशे आठ. सरांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मग त्यांनी उरलेलं खोबरं गूळ घालून खाल्लं, कारण टाकायचं कसं?

"रबराचं झाकण बसवून टाक," ते हळूच म्हणाले. "त्या बाईंना काही बोलायलाच नको. उगाच भावना दुखावतील."

झाकण मी बसवलंच. पण पेटीला वरून हवेसाठी भोकं होती, आणि मावशींचा हात सढळ. निकालाच्या दिवशी मशीनवर पूर्ण नारळ रिकामा झाला असता आणि ते भोकांतून शिरलं असतं. पुन्हा एकदा सगळ्यांदेखत बोर्ड बरळला असता, तर मावशींना त्या मंडळात तोंड उघडायला जागा राहिली नसती. सांगायलाच हवं होतं. "मग तूच सांग," सर म्हणाले, "तुम्ही दोघी बायका आहात." वा! म्हणजे अवघड काम आलं की आम्ही बायका.

मला भीती मावशींची नव्हती. भीती अशी, की त्या म्हणतील, हिच्या घरी देव नाही म्हणून हिला आमचा नारळ खुपतोय. असलं मी आयुष्यात दुसरीकडे ऐकलेलं आहे, आणि ते ऐकल्यावर पुढचं जेवण गोड लागत नाही. त्यामुळे मी आज-उद्या करत राहिले आणि सांगायला गेले ती निकालाच्या आदल्या दुपारी. बाजार रिकामा होता. मावशी पालथ्या टोपलीवर बसून सुपारी कातरत होत्या. कोपऱ्यात उद्यासाठी आणलेले नारळ रचून ठेवलेले होते.

मी सगळं सांगितलं. बरोबर तो चिखलाचा कनेक्टर आणलेला, तो दाखवला. त्यांनी हातात घेतला, वास घेतला, नखाने खवला काढला. अडकित्ता थांबला.

"म्हंजे मीच?" त्या म्हणाल्या. "त्या समद्यांपुढं मला खाली बघायला लावणारी मीच?"

"तसं नाही हो मावशी. आमचं डिझाइनच चुकलं. मागे झाकण हवं होतं, वरची भोकं नको होती—"

"तुमच्यात नारळ फोडत नाय ना?"

झालं, मी मनात म्हटलं. "नाही," मी म्हणाले.

"मग तुला दिसला. आमाला कसा दिसल? रोजचाच तो."

"मला कुठे दिसला? मी तर दरवेळी खोबरं खात होते."

त्या हसल्या नाहीत. "जा तू आता," म्हणाल्या. मी उद्याचं विचारायला गेले तर हात वर करून मला थांबवलं. "जा म्हन्ते ना." मी निघाले. उद्या त्या काय करणार, मला काही कळलं नव्हतं. रात्री आईने बोंबलाचं कालवण केलेलं, आणि ते मी अर्धं टाकलं. आईने कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी शेड भरून गेलेली. हंगामाचा पहिला माल आलेला, टोपल्यांतून पापलेट आणि हलवा, बायकांनी नव्या साड्या नेसलेल्या, केसांत अबोली. मंडळाचे पुरुष खुर्च्या टाकून पुढे बसलेले. सर आलेले, एका कोपऱ्यात, खिशात कापूर ठेवून. काटेवाला टेबलामागे. मी बटण दाबलं, बोर्डावर शून्य उमटलं, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी ताटातला नारळ उचलून मावशींपुढे धरला. "घ्या बोर्डवाली. करा सुरुवात." सगळे हसले.

मावशींनी नारळ घेतला. त्या काट्यापाशी गेल्या आणि मागे वळल्या.

"नारळ खाडीला देनार," त्या म्हणाल्या. "काट्याला नाय. माज्याच नारळाच्या पान्यानं ह्यो बिघडत व्हता. ही पोर सांगत आली, मी बघितलं. चूक माजी. हसायचं तर हसून घ्या."

आणि ते हसले हो! खुर्च्यांवर मागे रेलून हसले. काटेवाल्याने टेबलावर हात आपटला. "म्हणजे इतके दिवस म्हातारीनंच—" माझं डोकं तापलं. मी पुढे व्हायला गेले, तर सरांनी, होय, आमच्या सरांनी, माझा दंड धरला. मावशी मात्र तशाच उभ्या. त्यांनी हसू पूर्ण संपू दिलं. मग पदर खोचला, स्वतः वाकून पापलेटची एक टोपली उचलली आणि काट्यावर ठेवली.

बोर्डावर आकडा फिरला आणि थांबला. लाल, वीतभर उंच, न हलणारा.

काटेवाल्याने सवयीने खाली आपल्या पेटीकडे नजर टाकली, सवयीने छाती भरून घेतली, आणि सवयीने ओरडला, "बावीस!"

त्याच्या शब्दावर शब्द आदळला. शेडमधल्या सगळ्या बायका, म्हाताऱ्या, सासवा, सुना, ज्यांना सही करता येत नव्हती पण आकडा वाचता येत होता अशा सगळ्या, भिंतीकडे बोट करून एका आवाजात ओरडल्या:

"एकोनीस!"

पत्रे हलले. पुढच्या खुर्च्यांवर कुणी हसत नव्हतं. काटेवाल्याचं तोंड उघडंच राहिलेलं. मावशी त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचा एक हात आपोआप स्वतःच्या मानेकडे गेला. मी रडले. सरळ सांगते, सगळ्यांसमोर, नाक वर ओढत रडले.

मावशींनी ती टोपली उतरवली आणि दुसरी ठेवली. काटेवाला गप्प बसला. बायकांनी आकडा वाचला.